बंदच आलं होतं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटेचे तीन.
सहाला लिलाव. कॉडने भरलेल्या तीन बोटी बाहेर डुलतायत
आणि लिलावाचं पान उघडायला तयार नाही.
‘फार वेळा इकडून तिकडे पाठवण्यात आलं’,
एवढंच म्हणतो ब्राउझर,
सरकारी कचेरीत दिवसभर फिरून आलेल्या माणसासारखा.

लॉग उघडते.
तीनशे दोन. तीनशे दोन. तीनशे दोन.
पडदाभर, जाळ्याच्या गाठी मोजाव्यात तसे.

प्रॉक्सी मीच बसवलाय, काल दुपारी,
नवं प्रमाणपत्र देऊन, ४४३ च्या दारात.
बाहेरून येणारं सगळं कुलपात येतं.
हा कुलूप काढतो
आणि आतल्या सर्व्हरच्या हातात उघडंच ठेवतो, ८०८० वर.
आतला अकरा वर्षांचा, म्हणजे आमच्यात म्हातारा,
शिस्तीचा. म्हणतो, उघडं चालत नाही इथं,
परत जा, कुलूप लावून ये.
येणारा बिचारा कुलूप लावूनच आलेला.
परत जातो. परत येतो.
हा पुन्हा काढतो. तो पुन्हा घालवतो.
तिघांतलं कुणीच खोटं बोलत नाही,
म्हणून तर भांडण मिटत नाही.

बर्फाच्या खोलीवरचा रात्रपाळीवाला हानुस
कॉफी घेऊन येतो. काय झालं, विचारतो.
मी कप मांडून दाखवते: हे दार, हा आतला,
आणि ही साखरेची पुडी म्हणजे बाहेरची बोट.
तो पुडीकडे बघत राहतो बराच वेळ.

मग सांगतो:
बोगदा नव्हता तेव्हा डोंगरावरून टपाल न्यायचो मी.
पल्याडच्या मारेनला दिसत नव्हतं.
पत्र मीच फोडायचो, तिच्या उंबऱ्यावर, आणि वाचायचो.
पहिल्याच खेपेला तिने कागद चाचपला, लखोटा नाही.
म्हणाली, फोडलेलं पत्र मी घेत नाही. परत ने.
आणि मी नेलं गं! चोवीस वर्षांचा होतो, डोक्यात राख.
आख्खा डोंगर, गुडघाभर बर्फातून.
पोस्टमास्तराने नव्या लखोट्यात घातलं,
मी पुन्हा चढलो,
आणि उंबऱ्यावर पुन्हा फोडलं.

मी हसते. तो हसत नाही.

तिसऱ्या खेपेपासून, म्हणतो,
वाचायच्या आधी एक वाक्य बोलायचो:
मारेन, बंदच आलं होतं.
तेवढं पुरायचं तिला. पण माझ्या तोंडून.
पुतण्याने तेच वाक्य म्हटलं एकदा,
तर दार लावून घेतलं तिने.

साडेतीन.
प्रॉक्सीच्या फाइलीत मी एक ओळ घालते,
एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो, म्हणजे हेच,
की माझ्याकडे आलं तेव्हा बंद होतं.
आणि आतल्याच्या फाइलीत दुसरी,
जी मी कालच विसरले असते:
हे वाक्य फक्त १०.०.४.२ कडून आलं तर खरं मान.
इतर कुणाच्या तोंडी दिसलं तर पुसून टाक.
नाहीतर वाक्य काय, कुणीही पाठ करेल.

दोन्ही सेवा बंद करून चालू.
दोनशे.
पान उघडतं. कॉड, हॅडॉक, किलोचे भाव,
पहिल्या बोटीचं नाव निळ्या अक्षरांत.

त्या दोन यंत्रांमधली दीड मीटर वायर
अजून उघडीच आहे, मला माहीत आहे.
गुरुवारी तिच्यावरही कुलूप चढवीन.
आज नाही. आज हात थरथरतायत,
कॉफीने की थंडीने, कोण जाणे.

हानुस कप उचलतो, पुडी खिशात टाकतो.
मी विचारते, त्या परत नेलेल्या पत्रात
होतं तरी काय?
नळाखाली कप धरून, पाठमोराच
म्हणतो: बंद होतं.